शाळिग्रामाचा पत्ता

साताऱ्याच्या आमच्या देवघरात एक शाळिग्राम आहे. सुपारीहून थोडा मोठा, काळाभोर, एका बाजूला उघडलेला. आजी त्याला रोज तुळशीचं पान वाहायची आणि मला आतलं चक्र दाखवायची. त्या चक्रावरच्या बारीक फासळ्या मी बोटाने मोजत बसायचो. पुढे आयुष्यभर अमोनाइटांचे जीवाश्म जमवले, त्याची सुरुवात त्या मोजण्यात आहे.

शाळिग्राम मिळतात नेपाळातल्या काली गंडकीत. हिमालय उठण्याआधी तिथे टेथिस समुद्र होता. त्याच्या तळच्या काळ्या चिखलात हे शंखवाले प्राणी गाडले गेले आणि त्यांच्याभोवती दगडी गोळे तयार झाले. अमोनाइट हा माकळाच्या गोतावळ्यातला. शंख वाढेल तसा तो मागचा भाग पडद्याने बंद करी आणि स्वतः पुढच्या खोलीत राही. पडदा शंखाला जिथे चिकटे, तिथली नागमोडी रेघ दगडावर आजही दिसते. तज्ज्ञ जात ओळखतात ती बरीचशी या रेघेवरून.

"काका, कृष्णेत सापडेल का हो असला दगड?" सांगलीकडच्या शाळांत नमुने घेऊन गेलो की मुलं हमखास विचारतात. नाही सापडणार. महाबळेश्वरपासून आपल्या पायाखाली पसरलाय तो काळा कातळ लाव्हाचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. लोक मोठ्या आशेने दगड आणून दाखवतात. नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी असते, ती मँगनीजची. अंड्यासारखा गोळा असतो, ती लाव्हातल्या बुडबुड्याच्या पोकळीत भरलेली गारगोटी. समोरच्याचा चेहरा उतरतो, पण खरं ते सांगावंच लागतं.

म्हणून मी कच्छला जातो. भुजच्या आसपासच्या टेकड्यांत ज्युरासिक समुद्राचे थर उघडे पडले आहेत. त्यातला धोसा ऊलाइट हा थर तर माशाच्या गाबोळीसारख्या बारीक गोल कणांचा, लोहामुळे तांबूस झालेला, अमोनाइटांनी गच्च भरलेला. विल्हेल्म वागेन यांनी 1873 ते 1875 या काळात कच्छच्या अमोनाइटांचं सविस्तर वर्णन छापलं. आजही अभ्यासकांना तिथपर्यंत मागे जावं लागतं.

पहिल्या खेपेला मी पिशवीभर अमोनाइट आणले. पुण्याच्या एका अभ्यासकांपुढे अभिमानाने मांडले. त्यांनी एक उचलला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "कुठला?" म्हटलं, कच्छचा. "कुठल्या टेकडीचा? कुठल्या थराचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तो हळूच खाली ठेवला. "सुंदर आहे. पण आता हा काही सांगू शकणार नाही." ते दगड अजून माझ्याकडे आहेत, वेगळ्या खोक्यात. प्रत्येक खेपेआधी ते खोकं उघडून बघतो.

आता हातोडीपेक्षा वही आधी निघते. जमीनमालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. उन्हं कलली की तिरप्या प्रकाशात फासळ्या उठून दिसतात. शोधायची वेळ तीच. घसरून पायथ्याशी आलेला सुटा नमुनाच उचलतो, आणि वर कुठल्या थरातून तो निसटला असेल ते आधी लिहितो. चिठ्ठी दगडासोबतच कागदात गुंडाळली जाते. घरी आल्यावर पाणी, मऊ ब्रश, सुई आणि हवे तितके दिवस. आम्ल लावत नाही, कारण चुन्याचा शंख त्यात विरघळतो. शेवटी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक टाकतो. दगड त्या क्षणी नमुना होतो.

कच्छच्या दक्षिण भागात या समुद्री खडकांवर लाव्हा चढलेला दिसतो. तो आपल्या अजिंक्यताऱ्याच्या कातळाचाच भाऊबंद. त्याच सुमारास, 30 कोटींहून अधिक वर्षं टिकलेलं अमोनाइटांचं कूळ संपलं. घाव मोठा होता तो आजच्या मेक्सिकोजवळ आदळलेल्या लघुग्रहाचा. आपल्या लाव्हाचा त्यात वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. ज्या कातळात अमोनाइट कधीच सापडणार नाही, तो त्यांच्या अखेरच्या काळाचा साक्षीदार आहे. साताऱ्यात राहून हा छंद करणाऱ्याला याहून मोठं काय हवं?

सातारा-सांगलीच्या कितीतरी देवघरांत शाळिग्राम आहेत. त्यांना घासू नका, फोडू नका, पूजाही मोडू नका. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला एवढंच विचारा, की हा कुणी आणला, कधी आणि कुठून. मिळेल ते उत्तर तारखेसह कागदावर लिहा आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवा. मी आजीला हे विचारलं नाही. आमच्या शाळिग्रामाच्या चिठ्ठीवर "काली गंडकी" एवढंच आहे, आणि तेही मी लिहिलेलं.