लोणावळ्याचा आश्रम आणि क्ष-किरण

पुण्याहून निघालेली गाडी मळवलीस पोंचली, कीं डाव्या हातास भाज्याचे आणि उजव्या हातास कार्ल्याचे डोंगर दिसूं लागतात. पुढें लोणावळ्यास उतरणारा पाहुणा धुकें, धबधबे व चिक्की यांतच रमतो. परंतु येथील कैवल्यधाम आश्रमाचें मोल याहून निराळें आहे.

स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनीं तो १९२४ सालीं स्थापिला. योगाविषयीं श्रद्धेनें बोलणारे पुष्कळ होते. स्वामींनीं मात्र योगक्रिया प्रयोगाच्या कसोटीस लावल्या. उड्डियान व नौली करतांना पोटांत काय घडतें, हें त्यांनीं क्ष-किरणांनीं व दाबमापकानें तपासलें. नौलीच्या वेळीं आंतड्यांतील दाब बाहेरील हवेहून कमी होतो, असें आढळलें. हे प्रयोग आश्रमाच्या 'योगमीमांसा' त्रैमासिकांत प्रसिद्ध झाले.

परंतु क्ष-किरणांच्या कांचेवर स्थिर वस्तूच स्पष्ट उमटते. प्रकाश पडत असतां वस्तु हलली, तर चित्र पुसट होतें. पोटाचे स्नायु क्षणभर रोखतां येतात. त्यांतील अणूंना 'थांबा' कोण म्हणणार? त्यांच्याकरितां प्रकाशच त्यांच्या हालचालीहून अल्पजीवी हवा. सेकंदाचे एक कोटि भाग करावे, त्यांतील एकाचे पुन्हां दहा कोटि. त्या सूक्ष्म भागास फेम्टोसेकंद म्हणतात.

अशा मोजक्या फेम्टोसेकंदांचे प्रखर क्ष-किरण अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथील यंत्रांतून निघतात. तें २००९ सालीं सुरू झालें. जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें धांवणारे इलेक्ट्रॉन तेथें आलटून पालटून ध्रुव मांडलेल्या चुंबकांमधून नागमोडी जातात व क्ष-किरण सोडतात. लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या इंद्रायणीच्या कांठीं दिंडी निघते, तेव्हां प्रथम टाळ निरनिराळे वाजतात. मग ठेका जुळतो आणि नाद दुमदुमतो. तसेंच येथें घडतें. निघालेला प्रकाशच इलेक्ट्रॉनांना पुंजक्यांत बांधतो, ते पुंजके एका तालांत प्रकाश सोडतात, आणि किरण अनेक पटींनीं वाढतो. इलेक्ट्रॉनांचा थवा जितका आंखूड, तितका झोत क्षणिक.

स्नायूंत प्राणवायु सांठविणारा मायोग्लोबिन नांवाचा रेणु आहे. त्यास चिकटलेला वायु सुटतांच तो कसा थरारतो, हें २०१५ सालीं ह्याच किरणांनीं पाहण्यांत आलें. स्वामींची जिज्ञासा स्नायूंपर्यंत पोंचली होती. ती आतां स्नायूंच्या कणांत शिरली आहे. आपलें जुनें ज्ञान खरें असेल, तर त्यास परीक्षेचें भय कशाला? लोणावळ्यास जाणाऱ्या वाचकांनीं आश्रमासही अर्धी घटका अवश्य द्यावी.