पंक्चर आणि पाणी

परवा नातवाच्या सायकलचं पंक्चर काढत होतो. ट्यूब बादलीत बुडवली, बुडबुडे आले आणि एकदम थरचं वाळवंट आठवलं.

1976 ची दिवाळीची सुट्टी. मी आणि माझा एक शिक्षकमित्र आपापल्या साध्या काळ्या सायकली रेल्वेने जोधपूरला घेऊन गेलो आणि तिथून जैसलमेरकडे निघालो. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या वर, आणि गिअर वगैरे भानगड नाही! 1974 च्या अणुचाचणीमुळे पोखरण हे नाव शाळेतल्या पोरांनाही पाठ झालेलं. ते वाटेत लागणार याचंच आम्हाला अप्रूप.

पोखरणच्या पुढे, आजूबाजूला चिटपाखरू नाही अशा जागी, माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. भोक काही सापडेना. मी सरळ प्यायचं पाणी ताटलीत ओतलं. तो असा भडकला म्हणता!

"अरे, पुढचं गाव कधी येईल ठाऊक आहे का तुला?"

मी त्याला कद्रू म्हणालो.

त्याने ट्यूब हातात घेतली, हवा भरली आणि ओठांजवळून हळूहळू फिरवली. बारीकशी झुळूकसुद्धा ओठांना कळते. भोक सापडलं. पॅच लावून झाल्यावर ताटलीतलं रबराच्या वासाचं पाणी तो स्वतः प्यायला आणि बाटली माझ्यापुढे केली.

'कद्रू' मागे घ्यायचं राहूनच गेलं. आता तो नाही.

नातवाला ओठांनी भोक शोधून दाखवायला हवं होतं. बादली हाताशी होती, सुचलंच नाही.