रॅकपासून काउंटरपर्यंत

३ जून
दुकानात आजपासून नवी मुलगी. बारावी सायन्स, कराडजवळच्या गावातून एसटीने येते. काउंटरवर उभी न करता आधी रॅकपाशी नेली. पाठ करत बसू नकोस म्हटलं. आलेला माल रोज लावलास की हात आपोआप जागेवर जातो. मुदत आधी संपणारं पुढे, नवं मागे.

४ जून
फ्रिज दाखवला. इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं; एकदा गोठलेलं वितळलं तरी वापरायचं नाही. तापमानाची वही तिच्याकडेच दिली. एखादं काम पूर्ण आपलं झालं की नवं माणूस लवकर रुळतं.

७ जून
गर्दीत एका काकांनी तिच्यावर आवाज चढवला, "एवढं वाचता येत नाही?" चिठ्ठीवरचं अक्षर खरंच लागत नव्हतं. मी डॉक्टरांना फोन करून खात्री केली आणि काकांसमोरच म्हणाले, ती थांबली तेच बरोबर. तिचे डोळे भरले होते.

दुपारी डबा खाताना सविस्तर बोललो. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. म्हणून तू काढून आण. नाव, ताकद, मुदत बघून देणार मी. अडलं की विचारायचं, दहादा विचारायचं. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. कुणी समजुतीच्या घोटाळ्याने रोज घेतलं तर जिवावर बेततं. ती जेवायची थांबली. म्हणाली, "मॅडम, ते कुणी मागितलं की मी तुम्हाला हाकच मारीन." मला एवढंच हवं होतं.

१२ जून
स्ट्रिप कापायला शिकवली: बॅच आणि मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत राखायचं, गिऱ्हाइकाला बिलावर मुदत दाखवायची. शेड्यूल एच-वनचं रजिस्टरही उघडून दाखवलं. २०१४ पासून काही अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं यांची त्यात नोंद होते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. तिचं अक्षर सुरेख आहे.

१९ जून
एक आजी मागच्या वेळच्याच अँटिबायोटिक गोळ्या मागत होत्या. "आजी, डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी आणा, नुसत्या देता येत नाहीत," ती शांतपणे म्हणाली आणि माझ्याकडे वळली. मी मान डोलावली.

उशिरा सुटली की तिची एसटी चुकते. उद्यापासून तिला सातला सोडायचं. पुढची गर्दी मी बघेन. डी.फार्मच्या प्रवेशाचंही तिच्या वडिलांशी बोलायचं आहे.