इमॅजिका, बोट आणि आम्ही पाच

गेले दोन महिने आमच्या बदलापूरच्या घरात जेवताना दुसरा विषय नाही. येत्या जानेवारीत, सव्वीस तारखेची गर्दी ओसरली की, आम्ही नऊ दिवसांच्या सुट्टीवर निघतोय. दोन दिवस खोपोलीजवळचं इमॅजिका, मधे एक दिवस घरी, कपडे धुवायला आणि मुलांना झोपवायला, आणि मग मुंबईहून क्रूझ. लक्षद्वीपपर्यंत जाऊन परत, पाच रात्री. मुलं दोन. थोरली सात वर्षांची, धाकटा साडेतीनचा. आजवर आमची सगळ्यात मोठी सुट्टी म्हणजे गणपतीला मालवणला चार दिवस, त्यातले दोन एसटीत. त्यामुळे नऊ दिवस हा आकडा ऐकून नातेवाईकांनी भुवया उंचावल्याच. (मावशी, तू हे वाचणार हे मला ठाऊक आहे. हो, सगळे पैसे साठवूनच चाललोय, कर्ज नाही काढलं.)

पैशांचं आधी सांगून टाकते. दोन वर्षं दर महिना ६,००० रुपयांची आरडी चालू होती, ती या दिवाळीत सुटली. घराच्या रंगाला लावावी असं एक मत होतं. ते नवऱ्याचं होतं. मी त्याला लोकलमधे बसून केलेलं एक गणित दाखवलं. माझं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. मी सातच्या लोकलला असते तेव्हा धाकटा गाढ झोपेत असतो, आणि रात्री सव्वाआठला घरात पाऊल टाकते तेव्हापासून तो झोपेपर्यंत जेमतेम दीड तास. आठवड्याचे पाच दिवस धरले तर साडेसात तास. सुट्टीचे नऊ दिवस, दिवसाचे जागेपणीचे तेरा तास, म्हणजे ११७. कामाच्या दिवसांच्या हिशेबात पंधरा आठवड्यांची आई त्याला नऊ दिवसांत मिळणार. नवऱ्याची लोकल माझ्याही आधीची, त्याचं गणित आणखी वाईट निघालं. रंग पुढच्या वर्षी.

थीम पार्क आणि बोट ही जोडी आमच्या पिढीला तशी नवी नाहीच म्हणा. मी अंबरनाथची, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत. शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला गेली होती, तेव्हा बसनं गोराईच्या खाडीपर्यंत आणि तिथून फेरीबोटीनं पलीकडे. पाळणे किती बसलो ते आता आठवत नाही, पण डब्यातली पुरी-भाजी बोटीतच संपवल्याचं पक्कं आठवतंय. १९८९ साली सुरू झालेलं ते एस्सेलवर्ल्ड २०२२ मधे बंद झालं. थोरलीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तू आता काय दाखवणार?" म्हणून इमॅजिका.

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, आणि आम्हाला त्याचा मोठा फायदा हा की ते मुंबईपेक्षा आम्हाला जवळ. कर्जतवरून खोपोली लोकल जाते, आणि बदलापूरहून तिकडे जाणाऱ्या गाडीत सकाळी चक्क बसायला मिळतं. मुंबईच्या उलट्या दिशेला प्रवास करणं हीच आमच्यासाठी अर्धी सुट्टी आहे :)

पण लहान मुलांना घेऊन पार्कचं प्लॅनिंग करायला बसलं की कळतं, तिथे वयापेक्षा उंचीला मान जास्त. लहान मुलाचं तिकीट उंचीवर ठरतं, आणि प्रत्येक राइडच्या तोंडाशी किमान उंचीची खूण असते. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेतच, आता थोरली रोज सकाळी तिथे टाचा जोडून उभी राहते. नायट्रो नावाचा जो भलामोठा रोलर कोस्टर आहे, तो तिला यंदा मिळणार नाही हे स्पष्ट आहे. तिची भिस्त राजासॉरसवर. तिथे त्या नावाची पाण्यातली राइड आहे, आणि राजासॉरस हा खराखुरा डायनोसॉर होता, त्याची हाडं गुजरातेत बालासिनोरजवळ सापडली, २००३ साली त्याला ते नाव मिळालं, हे तिनंच मला ऐकवलं. तिथेही उंची कमी पडली तर काय, याची तयारी मी आत्तापासून करतेय. रांगेत तासभर उभं राहून मग खुणेपाशी रडणारं मूल मी दुसऱ्यांचं पाहिलंय.

म्हणून एक दिवसाचे दोन दिवस केले. धाकटा दुपारी दीड ते साडेतीन झोपतो आणि जगात काहीही चालू असलं तरी झोपतो. एका दिवसात तिकिटाचे सगळे पैसे वसूल करायला गेलं तर ही झोप जाते, आणि झोप गेली की संध्याकाळ सगळ्यांचीच जाते. माझ्या मते लहान मुलांच्या सहली फसतात त्या इथेच. मोठी माणसं तिकिटावरची रक्कम बघत राहतात. आम्ही पार्कला लागून असलेल्या हॉटेलात एक रात्र काढणार, दुपारी एक जण झोपलेल्याजवळ बसणार आणि दुसरा थोरलीबरोबर रांगेत. दुसऱ्या दिवशी पाळी उलटी.

आता बोट. कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस. २०२१ च्या सप्टेंबरपासून ती आपल्याकडे आहे, पण बांधलेली फ्रान्समधे, १९९० साली. म्हणजे माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत पानवाल्यापर्यंत चालत गेलं की कधीकधी बंदराच्या भिंतीवरून तिचे वरचे पांढरे मजले दिसतात, आणि आपण फायलींच्या गावात आहोत हे घटकाभर विसरायला होतं. थोरलीनं लांबी विचारली. २११ मीटर. मग तिच्या बाबानं हिशेब करून सांगितलं की बारा डब्यांची लोकल यापेक्षा लांब असते. त्यावर तिचं तोंड जे पडलं! अकरा मजली लोकल नसते, अशी समजूत काढावी लागली.

जानेवारी निवडण्यामागेही डोकं लावलंय. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बुडत नाही हे खरं, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्राचा भरवसा नसतो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीचं क्यार वादळ कोकणातले लोक अजून विसरलेले नाहीत. नाताळात भाडी आकाशाला. जानेवारीत समुद्र बराच शांत असतो, आणि दुसरीतल्या मुलीचे सहा दिवस बुडाले तर मला काही वाटत नाही. केबिन घेताना बाल्कनीचा मोह दोघांनाही झाला, पण खुर्चीवर चढून कठड्यावर वाकणारा साडेतीन वर्षांचा प्राणी डोळ्यांपुढे आला आणि बाल्कनी रद्द. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घेतोय, बोट तिथे कमी हलते. भाड्याच्या मोठ्या आकड्याखाली बंदर शुल्क, जीएसटी आणि नोकरवर्गाची ग्रॅच्युइटी वेगळी असते, आणि मुलाचं भाडं कमी असलं तरी बाकीच्या गोष्टी माणशी लागतात, हेही जाता जाता नोंदवून ठेवते.

पाण्याची भीती मला नाही असं नाही. २०१९ च्या जुलैत उल्हास नदी चढली, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या तळमजल्यातही त्या दिवशी कमरेएवढं पाणी होतं. थोरली आठ-नऊ महिन्यांची. रबरी बोटीत तिला टॉवेलात गुंडाळून बसले होते. तिचा पहिला नौकाप्रवास तो. तिला अर्थातच काही आठवत नाही. लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाची असतात का, हे मी बुकिंगवाल्यांना तीनदा विचारलं ते का, हे मात्र नवऱ्यानं एकदाही विचारलं नाही.

बॅगा घ्यायला उल्हासनगरला गेलो होतो. दुकानदारानं कुठे निघालात विचारलं, बोट म्हटल्यावर हसला. त्याचे आजोबा कराचीहून बोटीनंच आलेले, फाळणीनंतर, पाच मुलं घेऊन. लष्कराच्या रिकाम्या बराकी तेव्हा कल्याण कॅम्प म्हणून ओळखल्या जायच्या, १९४९ च्या ऑगस्टमधे त्याचं उल्हासनगर झालं. तिथले लोक अजूनही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. तो म्हणाला, आजी सांगायची की पेटीत कपडे थोडेच होते, सगळे खाण्याचे डबे होते, कारण मुलांना भूक लागते तेव्हा लागते. मोठी बॅग विकायची सोडून त्यानं आम्हाला मधली घ्यायला लावली. घरी येऊन मी फोनवर चौकशी केली. बोटीवर बाहेरचं खाणं चालत नाही, लहान मुलांचं तेवढं चालेल म्हणाले. मेतकूट आणि नाचणी सत्त्व बॅगेत पहिलं गेलंय.

इतकं सगळं ठरलं, पण एक गोष्ट बरेच दिवस ठरत नव्हती. सासूबाई.

माझी दोन्ही मुलं आईंनी वाढवली आहेत. ही बोलायची पद्धत झाली असं कोणी म्हणू नका, तासांचं गणित वर दिलंच आहे. धाकटा पडला, लागलं, की आधी आजीकडे धावतो. मी समोर असले तरी मला वळसा घालून जातो. झोपायला त्याला आजीच लागते, तिच्या जुन्या लुगड्याची गोधडी आणि पाठीवर तिचा हात. आणि मला बोटीवर आई नको होत्या. वाचायला वाईट दिसतं, पण हे त्यांनाही सांगून झालंय, म्हणून लिहिते. त्या आल्या असत्या तर ११७ तासांतला बराच हिस्सा पुन्हा त्यांचाच झाला असता. नवऱ्याला वाटत होतं, आईनं आयुष्यभर केलं, आता तिला घरी ठेवून आपण मजा करायची? त्याचंही खरंच होतं. या विषयावर आम्ही दोघं आठवडाभर नीट बोललो नाही.

मी धरून चालले होते की आई स्वतःच नको म्हणतील. अडुसष्ट वर्षं, गुडघे. इमॅजिकाला त्या नकोच म्हणाल्या. पण बोटीचं नाव काढल्यावर मात्र सरळ म्हणाल्या, "पाळण्यात बसूक माका नको. बोटीन मातर येतलंय. माझं तिकीट मी माझ्या पेन्शनीतून काढीन."

त्यांचं माहेर मालवणकडचं. मुंबई-गोवा आगबोटी चालू होत्या तेव्हाच्या त्या प्रवासी. कोकण सेवक, कोकण शक्ती ही नावं त्या शेजाऱ्यांची घ्यावीत तशी घेतात. १९८० साली आमच्या वन्सं तान्ह्या असताना त्यांना घेऊन त्या भाऊच्या धक्क्यावरून एकट्या निघाल्या होत्या. रात्रभर डेकवर सतरंजी टाकून. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर जायचं. "पडाव वर आला की पाय टाकायचा, खाली गेला की थांबायचं. पोर आधी खलाश्याच्या हातात द्यायचं. आपण पोर घेऊन उडी मारायची नाही." त्या बोटी बंद होऊन तीन दशकं उलटली.

मी हे ऐकत होते आणि मला अगत्ती दिसत होतं. लक्षद्वीपच्या प्रवाळांमुळे मोठी जहाजं आत जाऊ शकत नाहीत. बाहेर नांगरतात आणि माणसांना लहान बोटींनी बेटावर नेतात. समुद्र जास्त हलत असेल तर उतरणं रद्दही होतं. आमच्या सगळ्या प्लॅनमधे मला खरी धास्ती होती ती याच पाच मिनिटांची, आणि ती पाच मिनिटं प्रत्यक्ष केलेलं घरात एकच माणूस होतं.

मग त्या रात्री भांडी आवरताना मी त्यांना माझं मनातलं सांगून टाकलं. त्या जरा गप्प राहिल्या. ओटा पुसून झाल्यावर म्हणाल्या, "मला दिसत नाही होय ते? मी माझ्या केबिनीत. तो तुमच्याकडे निजेल. आत्तापासून सवय लाव, बोटीवर रात्री नवं काही शिकवू नको."

तर आता आम्ही पाच जण, दोन केबिन, शेजारीशेजारी. थोरलीनं आजीची केबिन पटकावली आहे, कारण तिथे आगबोटीच्या गोष्टी मिळणार. लक्षद्वीपचा परवाना, मुलांची आधार कार्डं, सगळं एका फोल्डरमधे घातलंय. आणि दर शनिवारी रात्री धाकटा आमच्या खोलीत झोपतो. पहिल्या शनिवारी साडेअकराला उठून गोधडी ओढत आजीकडे चालता झाला. दुसऱ्या शनिवारीही. परवाच्या शनिवारी दोन वाजता उठून बसला, "आजी" म्हणाला, मग माझ्याकडे बघून "पाणी" म्हणाला. पाणी प्यायला आणि आडवा झाला. पाठीवर हात ठेवला तर म्हणाला, असा नाही, वरून खाली.

अजून सात शनिवार आहेत.