माहेरी जाणाऱ्या लेकीचं बीपी

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत मला फार आवडते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं. हिरव्या साडीतली, फुलांचे दागिने घातलेली मुलगी झोपाळ्यावर बसते, ओटी भरली जाते आणि मग आई-वडील तिला न्यायला येतात. सासरची माणसं कितीही मायेची असली, तरी दुपारी बिनघोर झोपणं आणि ‘आज मला काही करायचं नाही’ असं म्हणणं आईच्याच घरी जमतं. पण प्रसूतितज्ज्ञ म्हणून मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती याच प्रवासाची.

गरोदरपणामुळे वाढणारा रक्तदाब विसाव्या आठवड्यानंतर केव्हाही सुरू होऊ शकतो, पण बहुतेक जणींच्या बाबतीत तो आठव्या-नवव्या महिन्यात वर येतो. पहिलटकरणीला त्याचा धोका अधिक. म्हणजे जिला जपायचं, तिचंच नेमक्या जपायच्या आठवड्यांत घर, गाव आणि दवाखाना बदलतो. नव्या डॉक्टरसमोर ती बसते तेव्हा आई सांगते, “तिकडे सगळं नॉर्मल होतं, मॅडम.” फाईल कुठे आहे विचारलं, तर ती सासरी कपाटात राहिलेली असते.

या फाईलला मी इतकं महत्त्व का देते, ते सांगायला हवं. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तदाब आपोआप थोडा खाली येतो. चौथ्या महिन्यात १००/६० असलेली मुलगी नवव्यात १३६/८८ घेऊन माझ्यासमोर आली, तर पुस्तकाप्रमाणे ती अजून हद्दीच्या आत आहे, कारण हद्द १४०/९० ला आखलेली आहे. पण मी तिला पंधरा दिवसांनी या असं सांगणार नाही. दोन-तीन दिवसांनी बोलवीन, लघवीतलं प्रोटीन तपासीन, प्लेटलेट बघीन. चौथ्या महिन्यातला आकडा मला माहीतच नसेल, तर तोच १३६ मला निरुपद्रवी वाटेल.

हा आजार होतो कशामुळे? घरोघरी उत्तर तयार असतं. “टेन्शन घेते हो ती फार.” किंवा, “पापड-लोणच्याशिवाय घास उतरत नाही हिला.” ही दोन्ही वाक्यं मी त्या मुलीच्या देखत ऐकते आणि तिची मान खाली गेलेली बघते. म्हणून खरं कारण नीट सांगते. गर्भाशयाच्या भिंतीत बारीक, नागमोडी रक्तवाहिन्या असतात. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात वारेच्या पेशी त्या वाहिन्यांत शिरतात आणि अरुंद चारी खणून तिचा रुंद पाट करावा तशा त्या मोकळ्या करतात. काही जणींमध्ये हे काम अर्धवट राहतं. बाळ लहान असेपर्यंत निभावतं. शेवटच्या तीन महिन्यांत त्याची भूक वाढते, तेव्हा वारेला रक्त कमी पडायला लागतं आणि ती आईच्या रक्तात अशी प्रथिनं सोडते, जी तिच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. तेव्हा बोस्टनमध्ये असलेले भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यातलं एक महत्त्वाचं प्रथिन दाखवून दिलं. अस्तर दुखावलं की रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंडातून प्रोटीन गळतं, यकृताला सूज येते, प्लेटलेट उतरतात, मेंदूवर ताण येतो. याला आम्ही प्रीएक्लाम्प्सिया म्हणतो. बीज पडलं ते बाईला दिवस गेल्याचं जेमतेम कळलं होतं तेव्हा. आठव्या महिन्यात खाल्लेल्या लोणच्याच्या फोडीने ते पडलेलं नाही.

म्हणून कुणाला अळणी जेवायला लावू नका. मीठ तोडल्याने हा आजार टळतो किंवा बरा होतो, असं दिसलेलं नाही. बेचव जेवण जात नाही आणि आधीच अशक्त असलेली मुलगी आणखी खंगते, एवढं मात्र होतं. तीच गोष्ट सक्तीच्या अंथरुणाची. दुपारची विश्रांती चांगली, पण आठवडेच्या आठवडे पडून राहिल्याने रक्तदाब आटोक्यात येत नाही आणि पायातल्या शिरांत रक्त गोठण्याची भीती वाढते.

या आजाराची सगळ्यांत वाईट खोड म्हणजे सुरुवातीला काहीच दुखत नाही. १५०/१०० बीपी असलेली मुलगी हसत-खेळत तपासणीला येते. गोळी लिहून दिली की बरोबरची बाई म्हणते, “तिला काही होत नाहीये, उगाच औषध कशाला?” आणि दुखायला लागतं तेव्हा त्याला आपल्याकडे एक फार सोयीचं नाव आहे: पित्त. कपाळ ठणकतंय, पित्ताने. मळमळतंय, रात्री उशिरा जेवली म्हणून. छातीच्या खाली, उजव्या बरगडीशी दुखतंय, हे तर पित्तच. मग सुंठ-साखर, कोकम सरबत, दुकानातली ॲसिडिटीची गोळी यांत एक रात्र जाते. गरोदरपणात जळजळ होतेच आणि बहुतेक वेळा ती साधीच असते, हे मलाही मान्य आहे. पण विसाव्या आठवड्यानंतर ‘पित्त’ म्हणण्याआधी बीपी मोजलंच पाहिजे. बरगडीखालचं ते दुखणं सुजलेल्या यकृताचं असू शकतं. पॅरासिटामॉलने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, अंधारी किंवा धूसर दिसणं, आडवं पडल्यावर लागणारी धाप, बाळाची मंदावलेली हालचाल, यातलं काहीही असेल तर उजाडायची वाट बघायची नसते. पावलांवर संध्याकाळी सूज बहुतेकींना येते. चेहरा दोन दिवसांत सुजला, अंगठी निघेना, काल सैल असलेल्या बांगड्या आज हातात रुतल्या, ही सूज वेगळी.

पुढची पायरी म्हणजे झटके, आकडी. ते पाहिलेल्या माणसाला विसरता येत नाहीत. खेड्यात अजूनही कुठे कुठे बाहेरची बाधा समजून अंगारा लावण्यात वेळ जातो. या झटक्यांच्या उपचारात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. तेव्हाच्या मद्रासचे डॉ. एम. के. कृष्ण मेनन यांनी गुंगी आणणाऱ्या तीन औषधांच्या मिश्रणाने झटके रोखण्याची पद्धत बसवली आणि १९६१ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. आपल्याकडे कित्येक वर्षं तीच वापरात होती. मग १९९५ मध्ये भारतासह अनेक देशांत झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवलं, की मॅग्नेशियम सल्फेट हे साधं, स्वस्त क्षाराचं इंजेक्शन इतर औषधांपेक्षा सरस आहे. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या मॅगपाय चाचणीत आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. झटके येण्याआधीच ते दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो. आज शासनाच्या सूचनांप्रमाणे उपकेंद्रातली नर्सताईसुद्धा याचा पहिला डोस, दोन्ही बाजूंना कमरेत पाच-पाच ग्रॅम, देऊन मग पेशंटला पुढे पाठवू शकते. हा डोस न देता गाडीत घातलेली मुलगी रस्त्यात झटके घेत येते तेव्हा फार वाईट वाटतं. औषध तिथे उपलब्ध असतं, पण ते देण्याचं धाडस झालेलं नसतं. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने या एका इंजेक्शनची उजळणी दर काही महिन्यांनी करावी, असं माझं ठाम मत आहे.

रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल आपल्या महाराष्ट्राने जगाला एक उपयोगी उत्तर दिलं आहे. रक्तदाब १६०/११० वर गेला की मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते आणि तो तासाभराच्या आत उतरवायला सुरुवात करावी लागते. मोठ्या शहरांत त्यासाठी शिरेतून औषध देता येतं. पण जिथे सलाईनवर सतत लक्ष ठेवायला माणूस नाही, तिथे काय करायचं? नागपूरच्या दोन सार्वजनिक रुग्णालयांत जवळपास नऊशे स्त्रियांवर निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा या तोंडाने घ्यायच्या तीन औषधांची तुलना झाली आणि २०१९ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. सहा तासांत रक्तदाब सुरक्षितपणे खाली आणण्यात निफेडिपिन ८४ टक्के जणींत यशस्वी ठरलं, उरलेली दोन्ही औषधं पाऊणशे टक्क्यांच्या थोडी वर. तिन्ही स्वस्त आहेत. मात्र जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून बीपी एकदम पाडण्याची जुनी सवय कुठे उरली असेल तर ती सोडायला हवी. दाब एकाएकी कोसळला तर बाळाकडे जाणारं रक्त तुटतं.

गोळ्या रक्तदाब धरून ठेवतात, आजार बरा करत नाहीत. आजाराचं मूळ वारेत आहे आणि वार बाहेर आल्याशिवाय तो उतरणीला लागत नाही. म्हणून सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर प्रीएक्लाम्प्सिया असेल तर आम्ही कळा आणण्याचा सल्ला देतो. आजार तीव्र असेल तर त्याही आधी. इथे घरच्यांशी सगळ्यांत जास्त बोलावं लागतं. “दिवस भरू द्या ना, मॅडम.” “आठव्या महिन्यातलं बाळ जगत नाही म्हणतात, सातव्यातलं जगतं.” हा समज इतका पसरलेला आहे की शिकलेली माणसंही तो हळूच बोलून दाखवतात. बाळ पोटात जितके आठवडे जास्त राहतं तितकं ते सक्षम, त्यामुळे आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही बळकट. चौतीस आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागणार असेल तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतो, आणि त्यांसाठी दोन दिवस मिळाले तर उत्तम. पण आईची प्रकृती ढासळत असताना थांबणं दोघांच्याही जिवावर बेततं.

माहेरच्या प्रवासासारखीच दुसरी एक जागा आहे जिथे मोजणं थांबतं आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं: प्रसूतीनंतरचे दिवस. बाळ सुखरूप झालं, पेढे वाटले गेले, आता कसलं बीपी? प्रत्यक्षात प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तदाब पुन्हा उसळतो, आणि नॉर्मल बाळंतपण झालेली मुलगी बहुधा त्याच सुमाराला घरी जाते. घरी शेक-शेगडी, तेल-मालिश, डिंकाचे लाडू, सगळं प्रेमाने चाललेलं असतं. बाळंतिणीने डोकं दुखतंय म्हटलं की आजी सांगते, “कान बांधले नाहीस, वारा लागला.” कान जरूर बांधा, पण आधी बीपी बघा. झटके बाळंतपणानंतरही येतात, आणि गरोदरपणात रक्तदाब अगदी व्यवस्थित असलेल्या मुलीलाही येऊ शकतात. गोळ्या चालू असतील तर बारशाच्या गडबडीत त्या आपल्या मनाने बंद करू नका. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशीच औषधं आम्ही देतो.

दिवाळीच्या सुमाराला मला आणखी एका प्रवासाची आठवण होते. मराठवाड्यातून हजारो जोडपी याच दिवसांत ऊसतोडीला निघतात आणि त्यांत पोटुशी बायकाही असतात. या मुली माहेरी जात नाहीत, पाचव्या-सहाव्या महिन्यापासून फडात मोळ्या उचलतात. गावच्या आशाताईच्या वहीत त्यांचं नाव असतं, कारखान्याच्या गावात नसतं. माता व बाल संरक्षण कार्ड ट्रंकेच्या तळाशी जातं. त्यांचा रक्तदाब मोजायला कुणीतरी पालावर गेलं पाहिजे, कारण एका दिवसाची मजुरी बुडवून त्या दवाखान्यात येणार नाहीत. ज्या भागात कारखाने आहेत तिथल्या डॉक्टरांनी आणि कारखान्यांनी हे आपलं काम मानावं.

टाळता येतं का? काही प्रमाणात येतं. आधीच्या खेपेला हा त्रास झालेला असणं, जुळं, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा आधीपासूनचा रक्तदाब यांपैकी काही असेल, तर सोळाव्या आठवड्याच्या आत कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करावी लागते. नवव्या महिन्यात ती सुरू करून उपयोग नसतो. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या, दिवसाला दोन, खरोखर घ्याव्यात. लोहाच्या गोळीबरोबर नकोत, वेगळ्या वेळी. आणि ज्यांना हा आजार होऊन गेला त्यांनी पुढेही वर्षातून एकदा रक्तदाब तपासावा, कारण त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघात होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असतो. बाळंतपण आटोपल्यावर हे त्यांना बहुधा कुणी सांगतच नाही.

तुमच्या घरातून कुणी माहेरी जाणार असेल, किंवा कुणी येणार असेल, तर ओटीबरोबर तिची फाईल द्या, आणि पोचल्यापासून आठवडाभरात तिकडच्या दवाखान्यात नाव घाला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिचा उपयोग करा. जमत असेल तर दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र घरात आणा. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, न बोलता मोजा आणि आकडा तारखेसह वहीत लिहा. आठव्या महिन्यापासून बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत हे चालू ठेवा. १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. १६०/११० दिसलं तर दुसऱ्यांदा विचार न करता १०८ ला फोन करा.