खऱ्यासारखा खेळ

गेल्या मे महिन्याच्या सुटींत मला ‘एनबीए टू के’ या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेमचा मोठा नाद लागला होता. आमच्या वडिलांनीं विद्यार्थिदशेंत शाळेच्या सामन्यांचे गुण लिहिण्याचें काम पुष्कळ केलेलें; त्यामुळें माझ्या पडद्याकडे तेहि अधूनमधून डोकावत. एके दिवशीं माझ्या संघानें ४० गुणांच्या फरकानें विजय मिळविला. मीं अभिमानानें त्यांच्याकडे पाहिलें. ते इतकेंच म्हणाले, “अरे, प्रतिपक्षाला हात होते कीं नव्हते?”

त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. या खेळांत काठिण्याच्या पायऱ्या असतात. तळाशीं ‘रुकी’, मग चढत चढत ‘प्रो’, ‘ऑल-स्टार’, ‘सुपरस्टार’ आणि सर्वांत वर ‘हॉल ऑफ फेम’. मी तळालाच बसलों होतों! लाजेनें एकदम सुपरस्टारवर उडी घेतली, तों प्रतिपक्षाची जवळजवळ प्रत्येक फेंक जाळींत. हेंहि खरें वाटेना. तेव्हां मीं स्लायडरांचा आश्रय घेतला. स्लायडर म्हणजे शून्यापासून शंभरापर्यंतच्या मोजपट्ट्या. माझ्या खेळाडूंच्या वेगळ्या, यंत्राच्या खेळाडूंच्या वेगळ्या. नेम, थकवा, चेंडू हिसकावण्याची शक्यता, पंचांची कडक नजर, सारें त्यांवर कमीअधिक करतां येतें.

परंतु खऱ्याचें माप खऱ्या मैदानावरूनच घ्यावें लागतें. अमेरिकेंतील एनबीएच्या सामन्यांत १२ मिनिटांचे चार भाग असतात. मी ५ मिनिटांचे भाग ठेवून शंभर गुणांची अपेक्षा करीत होतों, हा शुद्ध वेडेपणा. वेळ वाढविली. तीन गुणांच्या लांबच्या फेंकी तेथील निष्णात खेळाडूंच्याहि अलीकडे शेंकडा ३६ च्या आसपासच यशस्वी होतात. माझ्या साठ होत होत्या. तो स्लायडर खालीं आणला. फ्री थ्रोची गंमत तर औरच. शकील ओनील हा मोठा पराक्रमी खेळाडू. पण साऱ्या कारकीर्दींत त्याचे निम्म्याहून थोडेच अधिक फ्री थ्रो साधले. जुन्या संघांतील हाच ओनील माझ्या हातीं एकहि चुकवीत नसे, कारण कळ सोडण्याची वेळ मला साधली होती. खेळाडू ओनील, बोटें माझीं! फ्री थ्रोचें काठिण्य वाढविलें, तेव्हां कोठें तो चुकूं लागला.

एवढें झाल्यावर वडिलांनीं एक नियम घालून दिला. यापुढें एका वेळीं एकच स्लायडर हलवावयाचा, आणि तीन सामने खेळल्यावांचून मत बनवावयाचें नाहीं. शिवाय माझ्या सामन्यांची एक वहीहि ते ठेवूं लागले.

पंधरा दिवसांनीं त्यांनीं ती माझ्यापुढें ठेवली. समासांत तांबड्या शाईच्या खुणा होत्या. “तूं स्लायडर हलविलास, तेथें तेथें या खुणा आहेत. जरा पाहा.”

पाहिलें. एकूण नऊ खुणा होत्या, आणि नऊहि पराभवाखालीं. तीन सामन्यांचा नियम मीं एकदांहि पाळला नव्हता. यंत्राचे खेळाडू फार चपळ आहेत, पंच आंधळे आहेत, माझे खेळाडू लवकर दमतात, अशीं कारणें मीं दर वेळीं सांगितलीं होतीं, आणि सांगतांना तीं मला अगदीं खरीं वाटलीं होतीं. जिंकल्यावर मात्र खेळ खोटा आहे असें एकदांहि वाटलें नव्हतें. वडील रागावले असते तर बरें झालें असतें. ते वही मिटून चहा घ्यावयास निघून गेले.

त्या सायंकाळीं सारे स्लायडर होते तेथेंच ठेवून खेळलों. शेवटचे चार सेकंद उरले, आम्ही दोन गुणांनीं मागें, आणि माझ्या वांट्याला दोन फ्री थ्रो. पहिला आंत गेला. दुसरा कड्यावर दोनदां आपटून बाहेर आला, आणि मी एका गुणानें हरलों. बोटें संवयीनें स्लायडरांच्या पानाकडे वळलीं. शेजारीं वडील वही उघडून बसले होते.

“आंकडे सांग,” ते म्हणाले.

मीं कळांवरून हात काढला आणि सांगूं लागलों.