स्वयंपाक वहिनीचा, पाणी माझं

ओंकारेश्वरच्या घाटावर पहिल्या रात्री मी भांडी मोजली. ताटं-वाट्या सोडून अकरा. कुकर, त्यातली दोन भांडी, कढई, तवा, परात, वरणाचं पातेलं, दुधाचं, चहाचं, कोशिंबिरीचा वाडगा, आणि एक डबा, ज्यात काय होतं ते आता आठवत नाही. समोर नर्मदा वाहत होती आणि माझ्याकडं भांडी घासायला पाणी नव्हतं.

नर्मदा परिक्रमेला निघालेल्यानं मैय्येत, म्हणजे नर्मदेत, साबण लावायचा नसतो, खरकटं सोडायचं नसतं. भांडी घासायची तर पाणी वर आणायचं, वरच घासायचं आणि ते घाण पाणी नदीपासून लांब मातीत जिरवायचं. आमची गाडी घाटाच्या वर उभी. वीस लिटरची कॅन घेऊन मी तीनदा पायऱ्या उतरलो आणि चढलो. तिसऱ्या खेपेला दादा म्हणाला, "राहू दे रे, सकाळी घासू." मला राग आला, कारण खाली उतरून झालं होतं.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही घरचे बारा जण आणि ड्रायव्हर जळगाव जामोदहून निघालो होतो. टेम्पो ट्रॅव्हलर केली होती. मागची सीट काढून तिथं शिधा, भांडी आणि अंथरुणं रचली. सातपुड्याचा घाट चढून बऱ्हाणपूर, असीरगडाच्या पायथ्यानं खांडवा, मग ओंकारेश्वर. बाहेरचं खायचं नाही असं आईनं ठरवलेलं. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, त्यामुळं ठरलं म्हणजे ठरलं. कामं घरीच वाटली होती. वहिनी म्हणाल्या, "तुमी पान्याचं पाहा भाऊजी, चुलीचं मी पाह्यतो." मला वाटलं, सोपं काम आलं वाट्याला.

सामान मात्र दृष्ट लागण्यासारखं होतं. कुरडया, पापड, मुगवड्या, जवसाची चटणी, तिळाची चटणी, ठेचा, दोन डबे दशम्या. आमच्या तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. त्यात पापड, कुरडई, वडा, भजं मांडून दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं, पिकाचं भाकीत सांगतात. आमची डिकी बघून कुणी भाकीत केलं असतं तर सुकाळच सांगितला असता. पण पाण्यासाठी आम्ही दोनच कॅन घेतल्या होत्या. त्यातली एक पिण्याची.

खरं तर ही चूक आमच्या घरानं करायला नको होती. आईचं माहेर पूर्णाकाठचं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. बुलडाणा, अकोला, अमरावती या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा पसरलाय. विहिरीला पाणी असतं, पण ते तोंडात धरवत नाही. साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजत नाही. पाण्यातले क्षार डाळीच्या गराला धरून ठेवतात; तास झाला तरी दाणा दाण्यासारखाच. आई सांगते, तिच्या लहानपणी वरणापुरतं पाणी वेगळं आणायचे, डोक्यावर, लांबून. पुढं वान धरणावरून १४० गावांची योजना आली. पण आईची सवय गेली नाही. कुठंही गेली की ओंजळीत पाणी घेते, एक घोट चाखते आणि सांगते डाळ शिजेल की नाही. आम्ही हसायचो. या प्रवासात कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी मोजायला लागलो. तेरा जणांच्या एका वेळच्या स्वयंपाकाला आठ-दहा लिटर पुरत होतं. भांड्यांना पंचवीस. म्हणजे आम्ही पाणी वाहत होतो ते खाण्यासाठी नाही, खाल्लेलं पुसण्यासाठी. हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या कणीक मळत होत्या. त्यांनी परातीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मंग आज रोडगे करतो."

रोडगे आमच्याकडं मारुतीला नवस फेडायचं जेवण. शेतात, झाडाखाली. गहू जाडसर दळलेला, तेलाचं मोहन, थोडा ओवा, मीठ. घट्ट मळायचं. छोट्या गोळ्यावर तेलाचा हात फिरवून त्यावर दुसरी पारी, तिच्यावर तिसरी, असा पदरांचा गोळा करायचा. गोवऱ्या पेटवून त्यांचा आर झाला की त्यात सोडायचे आणि मधून मधून उलटायचे. वरून करपल्यासारखे दिसतात. राख झटकून फोडले की आत वाफ. वांगी त्याच आरात भाजली. लसूण, मिरची, मीठ घालून हातानंच कुस्करली. भांडं लागलं वरणाचं एक आणि परात एक. परातही वहिनींनी शेवटच्या रोडग्यानं पुसून घेतली. जेवण पळसाच्या पत्रावळीवर, त्या शिध्यातच होत्या. त्या रात्री भांड्यांना पाच लिटर पाणी लागलं, आणि घासायला आराचीच राख. साबण काढलाच नाही.

निमाडात बाट्या करतात, माळव्यात करतात, आमच्याकडं रोडगे, पुढं विदर्भात कुठं पळसाच्या पानात थापलेले पानगे. मला आजवर वाटायचं, हे सणाचं, हौसेचं खाणं. ज्यानं कुणी पहिल्यांदा केलं त्याच्याकडं बहुतेक तवा नव्हता, आणि विहीर लांब होती.

मग आमचा नेम बसला. सकाळी निघताना मटकी किंवा मूग धुवून ओल्या फडक्यात बांधून खिडकीजवळ टांगायचे. थंडीत मोड यायला दोन दिवस लागायचे, म्हणून दोन पुरचुंड्या आगेमागे. डाळ-तांदूळ निघण्याआधी डब्यात भिजत घालायचे. मुक्कामी पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं असायचं. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद आणि कुकर गोधडीत गुंडाळून ठेवायचा. अर्ध्या तासानं भात मोकळा. तांदूळ धुतलेलं पाणी टाकायचं नाही, त्यात भाजी धुवायची, आणि भाजी धुतलेल्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात. घासताना आधी चहाचं, मग दुधाचं, तेलकट सगळ्यात शेवटी. चूल लाकडाची असली तर पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओली माती लिंपायची. काजळी मातीला धरते, मातीबरोबर निघून जाते. यातलं काहीही मी शोधलेलं नाही. अर्धं आईला येत होतं, पण घरी नळ असल्यावर कोण सांगतं आणि कोण ऐकतं?

दही मात्र गाडीत कधीच नीट लागलं नाही. धक्क्यानं फुटायचं. एकदा डबा सांडला आणि खांडव्यात घेतलेली नवी चादर दोन दिवस आंबूस येत राहिली. त्यानंतर दही विकत.

गॅसचं लिहायला हवं. पाच किलोचे दोन छोटे सिलिंडर होते. ऑगस्टमध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या रेल्वेच्या डब्यात आग लागून नऊ माणसं गेली होती. चहासाठी डब्यात सिलिंडर आणलेला होता. ती बातमी आमच्या ड्रायव्हरच्या डोक्यात बसली होती. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं की गाडीत काही पेटणार नाही, चहासुद्धा नाही. सिलिंडर उभाच बांधायचा, बर्नर काढून तोंडाला टोपण लावायचं, आणि सकाळी गाडी सुरू करण्याआधी दोन्ही दारं उघडून पाच मिनिटं थांबायचं. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, सीटखाली साचून बसतो. आम्हाला या नियमांचा काच वाटायचा. एका सकाळी बडवाणीच्या पुढं दार उघडल्यावर खरंच वास आला. एका सिलिंडरची कळ पूर्ण फिरवलेली नव्हती. आदल्या रात्रीचा शेवटचा चहा मीच केला होता. ड्रायव्हर काही बोलला नाही, त्यानंतर रोज रात्री ती कळ स्वतः बघत राहिला.

प्रकाशाला, तापीकाठी, आम्हाला एक पायी परिक्रमावासी भेटले. साठीचे असावेत. आमच्या शेजारीच चूल मांडली. त्यांच्याजवळ झाकणाचं एक पातेलं, एक कमंडलू आणि सदाव्रतात मिळालेलं पीठ, डाळ, मीठ, मिरची. वहिनींनी जेवायला बोलावलं तर म्हणाले, डाळ चढवलीय, तुम्हीच या. पातेल्यात डाळ, झाकणात पीठ मळलं, हातावर थापून जाड टिक्कड केले आणि थेट निखाऱ्यावर टाकले. खाऊन झालं, डाळीचं पातेलं टिक्कडाच्या तुकड्यानं पुसून खाल्लं, वाळूनं घासलं, कमंडलूतल्या पाण्यानं विसळलं. मी बघत होतो. लिटरभरही पाणी गेलं नसेल. आम्ही त्यांना जवसाची चटणी दिली. त्यांनी चिमूटभर घेतली, बाकी परत केली. ओझं होतं म्हणाले.

आम्हालाही एका आश्रमात सदाव्रत देऊ केलं होतं. गाडीतून उतरून ते घ्यायला जीव धजला नाही. दादानं उलट तिथंच पाच किलो डाळ दिली.

समुद्राकडं जाताना पाणी बिघडत गेलं. दक्षिण तटावरच्या शेवटच्या मुक्कामी कॅन भरली, आईनं घोट घेतला आणि हसली. "हे तं आपल्याच गावचं पानी हाय." वहिनींना पटलं नाही, त्यांनी तुरीचं वरण चढवलं. सहा शिट्ट्या झाल्या, डाळ तशीच. खायचा सोडा चिमूटभर टाकला तेव्हा कुठं फुटली, पण चव गेली. त्या रात्री पिठलं-भाकर. बेसनाला पाणी कसलंही चालतं, हे खारपाणपट्ट्यात कुणालाही विचारा. दुसऱ्या दिवशी समुद्रातून वळसा घालून पलीकडच्या तटावर नेणाऱ्या नावेत दशम्या आणि ठेचा; नाव भरतीच्या वेळेवर सुटते, तिथं चूल कुठली? रिकामी गाडी भरूचच्या पुलावरून वळसा घालून येणार होती. पलीकडच्या तटावर उतरलो त्या जागेचं नाव मीठी तलाई. आईनं आधी नाव ऐकलं, मग पाणी मागितलं. दोन घोट घेतले आणि वहिनींना म्हणाली, "लाव आता तुरीची."

पुढचा प्रवास लांब होता आणि सांगण्यासारखं थोडं. जबलपूरच्या पुढं थंडी वाढली. अमरकंटक हजार मीटरवर. तिथं पहाटे चहा ठेवला तर ज्योत मिणमिण करायला लागली. सिलिंडरला हात लावला तर बर्फासारखा, बाहेरून दव धरलेलं. थंडीत आतला गॅस उकळून वर यायला आळसतो. शेजारच्या गाडीतला एक जण सांगायला आला की आडवा करा, येतो. ड्रायव्हरनं त्याला जवळ येऊ दिलं नाही. आडवा केला की वाफेऐवजी पातळ गॅसच बर्नरमध्ये येतो आणि भडका होतो. परातीत कोमट पाणी घेतलं, सिलिंडर त्यात उभा ठेवला, दहा मिनिटांत ज्योत निळी झाली. तेवढं कोमट पाणी करायला मला शेजारच्या धर्मशाळेतल्या शेकोटीपाशी जाऊन उभं राहावं लागलं.

हे सगळं सोपं करणाऱ्या गाड्याही असतात म्हणे. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. झोपायची, स्वयंपाकाची, मोरीची सोय असलेली गाडी. माझा भाचा पुण्याहून अशी गाडी भाड्यानं घेऊन कोकणात जायचं म्हणतोय. त्यानं मला फोटो पाठवले; ओटा आहे, फ्रिज आहे, वर दिवे आहेत. मी विचारलं, टाकी किती लिटरची? आणि सिंकचं घाण पाणी कुठं साठतं, कुठं सोडायचं? त्याला माहीत नव्हतं. म्हटलं, आधी ते विचार, मग मसाल्याचे डबे भर.

आमची परिक्रमा ओंकारेश्वरला परत येऊन पुरी झाली. सोबत बाळगलेलं बाटलीतलं मैय्येचं पाणी चढवलं, आणि इतके दिवस नदी ओलांडायची नव्हती म्हणून राहिलेलं ज्योतिर्लिंगाचं दर्शन पूल ओलांडून घेतलं. घरी पोचलो तेव्हा एका कॅनमध्ये पाच-सहा लिटर नर्मदेचं पाणी उरलं होतं. वहिनी म्हणाल्या, देवघरात तांब्या भरून ठेवू, शेजारी वाटू. आईनं एक तांब्या देवाला काढू दिला. शेजाऱ्यांना छोट्या बाटल्या गेल्या. उरलेलं तिनं सरळ कुकरमध्ये ओतायला लावलं, तुरीच्या डाळीत. फोडणी घालू दिली नाही, नुसतं हळद, मीठ, हिंग. तिसऱ्या शिट्टीला तिनं गॅस बंद करायला सांगितला. डाळ घोटावी लागली नाही.

ती जेवत असताना मी मोरीत कुकर घासायला घेतला. नळ सुरू होता. तिनं आतून विचारलं, "किती पानी सांडू राह्यला रे?"